दीड पानाचा हिशोब

पत्र

ताई, मी चाळिशीला टेकलेली, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी. सहा वर्षांपासून कथा लिहिते. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आपणहून कथा मागितली, ३१ जुलैपर्यंत द्यायची आहे. घरात लिहायला जागा नाही आणि वेळ तर नाहीच नाही, म्हणून जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी एकटी वाईला जाऊन आले. शनिवारी सकाळी सहाची एसटी, दुपारी एकला वाई. दुपारी मेणवलीचा घाट पाहिला. रात्री लॉजवर लिहायला बसले आणि मोबाइलवर एका वेबसिरीजचे पाच भाग बघून झोपले. रविवारी भिलारला, त्या पुस्तकांच्या गावात, एका घरात जुने दिवाळी अंक चाळत बसले, ती एसटीची वेळ झाल्यावरच उठले. रात्री अकराला घरी.

एवढ्यात लिहून झालं दीड पान. तेही कथेचं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईबद्दलचं. शिरवळला चढली, मांडीवरचं गाठोडं काही केल्या वर रॅकवर ठेवू देईना, सुरूर फाट्याला उतरली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "साडेचार हजारांत दीड पान?" मी हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. हे सगळं बघत बसण्यापायी माझं लिहिणं गेलं का? सगळी ॲप काढून टाकू का?

आणखी दोन गोष्टी. एक प्रकाशक माझ्या बारा कथांचा संग्रह काढायला तयार आहेत. १६० पानं, ५०० प्रती, मी ८० हजार रुपये द्यायचे. आणि एक ऑडिओवाले तीन कथांचे "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" एकरकमी नऊ हजारांना मागताहेत. काय करू? मला "अगं तू"च म्हणा.

— दीड पानवाली, ठाणे

उत्तर

दीड पानवाली, तू म्हणायची परवानगी दिलीस ते बरं केलंस. "आपण" म्हणत रागावता येत नाही, आणि तुझ्या हिशोबावर मला जरा रागवायचं आहे.

बँकेत नोकरी करतेस ना? मग हिशोब नीट मांड. शनिवारी सकाळी सहा ते रविवारी रात्री अकरा, झाले ४१ तास. त्यातले जाऊन-येऊन १४ एसटीत गेले. झोप आठ धरू. मेणवली तीन, भिलार पाच, चहा-जेवण-आंघोळ तीन, वेबसिरीज चार. उरले चार तास. पावसात भिजलेली चप्पल, अनोळखी खोली, पिवळा बल्ब आणि चार तास. त्यात दीड पान झालं. अगं, याहून कमी वेगाने लिहून मोठे सत्कार घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची प्रुफं मीच तपासायचे.

तुझं चुकलं ते दुसरीकडेच. तू कोरे कागद घेऊन गेलीस.

ही चूक मी ओळखते, कारण ती मी तुझ्याआधी केलेली आहे, आणि तीही वाईतच. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका मासिकात मुद्रितशोधन करायचे. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून कंटाळले, चार दिवसांची रजा टाकली आणि फुलस्केपचे दोन दस्ते घेऊन वाईला घाटाजवळ एका ओळखीच्यांच्या माडीवर राहिले. कादंबरीच लिहिणार होते. पहिल्या दिवशी टेबल खिडकीशी ओढलं. दुसऱ्या दिवशी ते परत भिंतीशी लावलं, कारण खिडकीतून कृष्णा दिसत होती आणि नदी दिसली की माणूस लिहीत नाही, बघत बसतो. तिसऱ्या दिवशी तीन पत्रं लिहिली आणि वाण्याची यादी केली. चौथ्या दिवशी ढोल्या गणपतीला नमस्कार करून एसटी पकडली. दोन दस्ते जसेच्या तसे. ते पुढे मुलीला गणितं सोडवायला झाले.

पुन्हा गेले ती दोन वर्षांनी. या वेळी बरोबर एक घरी लिहून संपवलेली, फसलेली कथा होती, आणि लाल पेन. बाकी काही नाही. दुपारी जेवून त्या कथेसमोर बसले तेव्हा संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत उठले नाही. घरी जी बरी वाटत होती तिचे पहिले अडीच कागद वाईत वाचवेनात. गोष्ट तिसऱ्या कागदाच्या मध्यावर सुरू होत होती. तोवर मी नुसती घसा खाकरत होते. घरात हे मला कधी दिसलं नसतं, कारण घरात आपण आपलं लेखन कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात वाचतो आणि तेवढ्या वेळात ते चांगलंच वाटतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. पहिला खर्डा घरीच काढायचा, मोडका-तोडका, बँकेतून आल्यावर अर्धा तास, लोकलमध्ये, कुठेही. बाहेरगावी न्यायचा तो लिहून झालेला कागद, खोडायला. नव्या जागी नवं काही सुचतं असं सगळे म्हणतात. मला तरी नव्या जागी फक्त जुनं नीट दिसलं आहे. नवं सुचायला रोजची, कंटाळवाणी, पाठ झालेली जागाच लागते. तुझ्या घरात जागा नाही म्हणतेस. जेवणाचं टेबल रात्री दहानंतर कोणाचं असतं?

वाईचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तू ज्या गावात दीड पानासाठी झुरत बसलीस, त्याच गावात मराठी विश्वकोशाचं काम चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड आला १९७६ साली. शास्त्रीबुवा १९९४ साली गेले. विसावा खंड निघाला २०१५ साली. पुढच्या वेळी गंगापुरीतून, विश्वकोशाच्या कचेरीवरून जाताना आपण दीड पानाला रडतो आहोत याची जरा लाज वाटू दे. मला वाटली होती.

आता तुझा खरा प्रश्न, करमणुकीचा. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी पुण्यात साप्ताहिक काढलं, त्याचं नाव काय ठेवलं? "करमणूक". विधवेच्या आयुष्यावरची मराठीतली गाजलेली सामाजिक कादंबरी, "पण लक्षात कोण घेतो", त्या करमणुकीतच आठवड्याआठवड्याला क्रमशः येत होती. तेव्हाच्या घराघरांत पुढच्या अंकाची वाट बघणारी माणसं आणि लॉजवर "पुढचा भाग" दाबणारी तू, यांत मला फारसा फरक दिसत नाही. फरक असलाच तर त्यांना आठवडाभर थांबावं लागायचं. तेवढ्यात त्यांचं जेवण आणि झोप व्हायची.

मग १८९५ साली काशिनाथ रघुनाथांनी मुंबईत मासिक काढलं. आडनाव आजगावकर, पण बंगालीच्या प्रेमापायी मित्र असं लावलं. मासिकाचं नाव "मनोरंजन". आणि १९०९ साली त्याच "मनोरंजन"ने पहिला दिवाळी अंक काढला. म्हणजे ज्या अंकासाठी तू कथा देते आहेस आणि भिलारच्या त्या घरात ज्या अंकांच्या गठ्ठ्यात तू दुपार घालवलीस, त्या सगळ्यांचं कुळ म्हणजे तू जिच्यावर लेखिका बुडवल्याचा आळ घेते आहेस ती करमणूकच. आपल्याकडे साहित्याने आपलं नाव करमणूक, मनोरंजन असं लावून घ्यायला कधी कमीपणा मानला नाही. हा सोवळेपणा नंतरचा.

म्हणून ॲप काढू नकोस. काढलंस तरी चार दिवसांनी परत घेशील, आणि त्या चार दिवसांत लिहिणार काहीच नाहीस, कारण मी ॲप काढलं आहे हे सगळ्यांना सांगण्यात वेळ जाईल. त्यापेक्षा बघताना एक काम कर. हात दुसऱ्या कशाकडे कधी गेला ते लक्षात ठेव. पाणी प्यावंसं कधी वाटलं, व्हॉट्सॲप कधी उघडलं, आणि उलट, लघवीला लागलेली असून कोणत्या प्रसंगाला उठली नाहीस. गडकरी रंगायतनला नाटक बघतेस का? तिथे हे फुकट शिकायला मिळतं. प्रेक्षकांत पहिला खोकला जिथे येतो तिथे लेखक सैल पडलेला असतो. एक खोकतो, मग सगळ्यांनाच घसा आठवतो. मी पूर्वी मध्यंतरात डायरीत नुसते खोकले लिहून ठेवायचे, नाटकाचं नाव आणि पुढे किती मिनिटांनी. त्या डायरीतून मी जे शिकले ते कुठल्याही कार्यशाळेत नाही शिकले. पाच भाग पाहिलेस ना त्या रात्री? सांग मला, कुठल्या भागात तू बटाटावेफर्सचं पाकीट फोडलंस.

एक मात्र खरं. रात्री साडेदहाला दमून बघायला घेतलं की आपण काही बघत नसतो, झोप येईपर्यंत नुसते पडलेले असतो. त्याला करमणूकही म्हणू नये. त्या वेळी सरळ झोप.

सासूबाई. त्यांच्यावर मी रागावणार नाही, कारण त्यांना हा हिशोब तूच शिकवला आहेस. निघताना काय सांगितलंस? "लिहायला जाते आहे." मग परत आल्यावर कोणीही विचारणारच, किती लिहिलंस. नवरा मित्रांबरोबर राजगडावर जाऊन येतो तेव्हा तू त्याला किल्ला किती किलो आणलास असं विचारतेस का? तो फिरायला गेला होता, विषय संपला. आपल्या बायकांना मात्र दोन दिवस घराबाहेर पडायचं तर काही कारण दाखवावं लागतं. देवदर्शन, लग्न, प्रशिक्षण, लिहिणं. कामाचं कारण नसेल तर पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. पुढच्या वेळी सांग, "दोन दिवस वाईला जाऊन येते, कंटाळा आला आहे." एसटीचं तिकीट आता आपल्या बायकांना निम्मंच पडतं, २०२३ पासून. आणि कधीतरी सासूबाईंनाच घेऊन जा. त्यांना मेणवलीची ती मोठी घंटा दाखव, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेनंतर इकडे आलेली. भिलारला त्यांना एखाद्या घरात पोथ्या-पुराणांच्या नाहीतर चरित्रांच्या कपाटापुढे बसव आणि तू दुसऱ्या घरात जा. त्या गावाची हीच तर मजा आहे. २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं तेव्हा घरा-घरांत एकेका प्रकारची पुस्तकं मांडली. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून कल्पना आली, पण तिथे पुस्तकं विकायला असतात, इथे बसून वाचायला. कोणी हटकत नाही. पावसाळ्यात स्ट्रॉबेरी नसते, तेवढीच एक उणीव. त्याऐवजी कणीस खायचं.

आता पैशाचं बोलू. इथे मात्र कान उघडे ठेव.

८० हजार भागिले ५०० म्हणजे प्रतीमागे १६० रुपये. १६० पानं म्हणजे सोळापानी दहा फर्मे, फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानं. ठाण्यात, दादरला, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, कुठल्याही दोन छापखान्यांत जा आणि विचार: दहा फर्मे, ७० जीएसएम कागद, रंगीत कव्हर, परफेक्ट बाइंडिंग, ५०० प्रती, काय घ्याल? डीटीपी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचे वेगळे विचार. तो आकडा आणि ८० हजार यांच्यातला फरक म्हणजे प्रकाशकाच्या कामाची किंमत. मग त्यांना विचार की त्या किमतीत ते काय करणार. संपादन कोण करणार, त्याचं नाव काय? किती दुकानांत पुस्तक ठेवणार? विक्रेत्याचं कमिशन कोणाच्या हिश्शातून जाणार? ५०० पैकी तुला किती प्रती, आणि उरलेल्या वर्षभराने कोणाच्या पलंगाखाली? मी सांगते, तुझ्याच. माझ्या पलंगाखाली एका मैत्रिणीच्या कवितासंग्रहाचे दोन गठ्ठे आहेत, तिच्या घरात मावेनात म्हणून.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात पाप नाही. पुष्कळ चांगली पुस्तकं तशी निघाली आहेत. फक्त ज्याने पैसे घालायचे त्याने स्वतःला लेखिका म्हणवून घेत लाजत उभं राहू नये, गिऱ्हाईक म्हणून उभं राहावं. त्यांच्या अंदाजपत्रकात "आयएसबीएन शुल्क" अशी ओळ आहे का ते बघ. असली तर तिथेच माणूस ओळखला. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, लेखकालाही मागता येतो. आणि हा तुझा पहिलाच संग्रह आहे ना? मग राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात येते, हस्तलिखित पाठवायचं असतं. वेळ लागतो. लागू दे. बारा कथांपैकी चार तरी तेवढ्यात तू स्वतःच काढून टाकशील आणि संग्रह सुधारेल.

ऑडिओवाल्यांचं पत्र मात्र सही न करता परत पाठव. कथा ऐकवायच्या असतील तर जरूर ऐकव. भाजी चिरताना गोष्ट ऐकणाऱ्या माझ्यासारख्या बायका पुष्कळ आहेत, आणि मला तर ऐकताना वाक्यातले खाचखळगे जास्त कळतात. पण "सर्व हक्क" असा एक हक्क नसतो. छापील पुस्तक वेगळं, ई-बुक वेगळं, ऑडिओ वेगळं, भाषांतर वेगळं, नाटक-सिनेमा-मालिका वेगळी. ही पाच-सहा किल्ल्यांची जुडी आहे. त्यांना आवाजाची खोली हवी आहे तर त्या खोलीची किल्ली दे, जुडी कशाला? लेखकाचा स्वामित्वहक्क तो असेपर्यंत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. नऊ हजारांत तू तुझ्या नातवंडांचंही काहीतरी देऊन टाकते आहेस.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच शहाणा आहे. हक्क दिले ते लेखीच हवेत. कोणते, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशात, ते त्यात लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, तो परत येतो. पण तू स्वतःच "कायमस्वरूपी"वर सही केलीस की कायदा काय करणार? तेव्हा उलट लिही: फक्त ऑडिओ, फक्त मराठी, तीन वर्षं, आणि एकरकमी पैशाबरोबर ऐकणाऱ्यांच्या प्रमाणात काही टक्के. ते म्हणतील आमचा ठरलेला मसुदा आहे. सगळ्यांचा असतो. आणि खोडून दुरुस्त केलेले मसुदेही मी पाहिले आहेत. तू बँकेत लोकांना फॉर्मवर कुठे-कुठे सही करायची ते दाखवत असशील, स्वतःचा फॉर्म एकदा वाच.

राहिला दिवाळी अंक. ३१ जुलैला अजून दोन आठवडे आहेत. संपादकांनी शब्दमर्यादा दिली असेलच, ती पाळ. नाहीतर त्या कथेवर शेवटच्या रात्री माझ्यासारखी कोणीतरी कात्री चालवते, आणि दमलेली मुद्रितशोधक नेमका तुझा आवडता परिच्छेद काढते. मानधनाची वाट बघू नकोस. आलं तर संक्रांतीच्या सुमाराला येतं.

काय लिहायचं हा प्रश्न उरत नाही. तू पत्रात आपल्या ठरवलेल्या कथेबद्दल एक ओळही लिहिलेली नाहीस. नायिका कोण, काय होतं, काही नाही. लिहिलंस ते शिरवळला चढलेल्या बाईबद्दल, आणि ते लिहिताना तुझं अक्षर बदललं आहे. मघापर्यंत सरळ होतं, तिथून तिरकं आणि घाईचं झालं. मी प्रुफं वाचण्यात जन्म काढला, मला एवढं कळतं. खंबाटकी घाट चढताना पाऊस असणार, काचा बंद, सगळे पेंगत, आणि ती मांडीवर गाठोडं धरून. कंडक्टरने सांगितलं तरी ठेवेना, तू सांगितलंस तरी ठेवेना. सुरूर फाट्याला वाईकडे न वळता रस्त्यात उतरली, भर पावसात. कोण आलं होतं तिला घ्यायला? कोणी होतं का?

गाठोड्यात काय होतं ते तुला माहीत नाही, म्हणून तू दीड पानावर थांबलीस. उद्या रात्री दहानंतर जेवणाच्या टेबलावर बस आणि गाठ सोड. झालेला कागद मला पाठव, पत्ता सदराच्या खाली आहेच. लाल पेन माझ्याकडे आहे.